हिरव्या चिठ्ठीवर माझी सही

कंपनीतल्या पहिल्या दिवशी जेवणाची सुट्टी झाली तेव्हा मी कँटीनमधल्या लांब टेबलाच्या टोकाला बसले, डबा उघडला आणि डोळे मिटले. घरी आम्ही जेवणाआधी प्रार्थना करतो. दहा-पंधरा सेकंदांचं काम. आधीच्या नोकरीत मी ती डोळे उघडे ठेवून, डब्याची झाकणं काढता काढता मनातल्या मनात उरकत असे, त्यामुळं तिथं दोन वर्षांत कुणाला काही कळलं नव्हतं. त्या दिवशी नव्या जागेच्या धास्तीनं ते भान राहिलं नाही. डोळे उघडले तर समोरची बाई हातातला घास तसाच धरून माझ्याकडं बघत होती.

"सर दुखरा क्या, बेटा?" तिनं विचारलं.

हो म्हटलं असतं तर विषय तिथंच संपला असता. तिनं पिशवीतून एखादी गोळीही काढून दिली असती. मी म्हणाले, "नाही. प्रार्थना करत होते. मी ख्रिश्चन आहे."

"अच्छा, दुवा कर री थी," ती म्हणाली आणि तिनं घास तोंडात घातला.

एवढंच झालं. पण शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या बसमध्ये बसले तर मागच्या सीटवरच्या एका ऑपरेटर बाईनं पुढं वाकून विचारलं, "तुमच्यात नाताळाला केक घरीच करतात का हो?" म्हणजे बातमी माझ्याआधी बसमध्ये चढली होती.

ती समोरची बाई पॅकिंगला होती. कंपनी ज्या चितेगावात होती तिथंच राहायची, कंपनीत पायी यायची. वयानं माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठी. सगळे तिला आपा म्हणत, मीही म्हणू लागले. दुसऱ्या दिवसापासून ती माझे डोळे उघडेपर्यंत जेवायला सुरुवात करायची नाही. मी दोनदा सांगितलं, "आपा, तुम्ही जेवा, थांबू नका." ती म्हणाली, "अल्ला का नाम चल रा और मैं बीच में भाकर तोडू क्या?" हळूहळू आमच्या टेबलावरच्या बाकीच्या बायकाही थांबू लागल्या. एखादीला भूक फार लागलेली असली की ती नुसती चमचा वाजवायची, आणि मी प्रार्थना आटोपती घ्यायचे.

माझ्या पप्पांना हे पसंत नव्हतं. आमच्या घरात तेव्हा आम्ही दोघंच होतो, शहरात छावणीच्या बाजूला दोन खोल्यांत. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. पप्पा एका सरकारी ऑफिसात कारकून होते आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी तिथं आपला धर्म कुणाला मुद्दाम सांगितला नव्हता. आमचं आडनावही असं आहे की त्यावरून काही कळत नाही. ऑफिसातल्या पूजेला ते सगळ्यांबरोबर उभे राहायचे, कपाळाला गंध लावून घ्यायचे आणि फाटकाबाहेर आल्यावर रुमालानं पुसायचे. रविवारी मात्र देवळात पहिल्या बाकावर बसायचे. आमच्याकडं चर्चला देऊळच म्हणतात. मी कँटीनमधली गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "देवाला कळतं, त्यासाठी डोळे मिटायची गरज नसते. उद्या काही बिनसलं तर लोक तुझं काम नाही बघणार, तुझी प्रार्थना बघतील."

मी त्यांना भित्रे समजत होते. बोलून दाखवलं नाही, पण समजत होते.

माझं काम तपासणीचं. आमची कंपनी दुचाकीला लागणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या करते, म्हणजे ब्रॅकेट. पत्रा कापून वाकवणाऱ्या मशीनमधून, म्हणजे प्रेसमधून, ब्रॅकेट पडतात, त्यांना दोन भोकं असतात. ती दोन्ही भोकं एका साच्यावरच्या दोन खुंट्यांवर बरोबर बसली पाहिजेत. या साच्याला गेज म्हणतात. प्रत्येक लॉटमधले, म्हणजे एका खेपेच्या मालातले, ठरावीक नग मी गेजवर बसवून बघायचे. बसले की पेट्यांना हिरवी चिठ्ठी, नाही बसले की लाल. हिरव्या चिठ्ठीवर माझी सही असल्याशिवाय आपा पेटीला हात लावायची नाही.

प्रेसवरचे सुपरवायझर पैठणच्या बाजूच्या एका खेड्यातले होते. घरची शेती भावाकडं होती, हे ऑपरेटर म्हणून लागले आणि वर चढले. मी त्यांना सर म्हणायचे, ते मला मॅडम. माझ्या पहिल्याच दसऱ्याला मशिनींची पूजा होती आणि तिचं सगळं त्यांच्याकडं असायचं. आदल्या दिवशी मी त्यांना गाठलं आणि सांगितलं की मी आरती घेणार नाही, गंध लावणार नाही, पण माझा राग नाही.

त्यांनी विचारलं, "उभ्या तर राहाल ना?"

"राहीन."

"झेंडूची तोरणं ओवाल?"

"ओवीन."

"मंग झालं की. लई ताण नका घेऊ."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पेढा वाटून झाल्यावर ते माझ्याकडं कागदात गुंडाळलेला एक पेढा घेऊन आले. "ह्यो दुकानातनं डायरेक्ट आणलाय. पूजेत ठेवलेला नाय. खायला हरकत नसंल तर खा." मी तो खाल्ला. त्यानंतर दर दसऱ्याला माझा पेढा वेगळा यायचा. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे देवळात येणाऱ्यांतल्या, एका गृहस्थांना तोरणं ओवणंही खटकलं होतं आणि ते त्यांनी मला रविवारच्या उपासनेनंतर ऐकवलं होतं. मी ओवत राहिले.

अशी चार वर्षं गेली.

एप्रिलमधली गोष्ट आहे. दुपारचा दीड वाजला होता. शिफ्ट साडेतीनला सुटायची. वाळूजच्या मोठ्या कंपनीचा माल जायचा होता आणि गाडी बारा वाजल्यापासून गेटवर उभी होती. मी लॉटमधले पाच नग काढले. तीन गेजवर बसले, दोन बसले नाहीत. दुसऱ्या भोकाची जागा केसभर सरकली होती. नियमानं मी लाल चिठ्ठी लावून सगळा लॉट अडवायला हवा होता. मग एकेक नग तपासायचा, म्हणजे रात्रपाळीपर्यंत काम गेलं असतं.

आमचे क्वालिटी मॅनेजर त्या दिवशी पुण्याला गेले होते. सुपरवायझर आले, त्यांनी दोन्ही नग हातात घेऊन पाहिले.

"सकाळी डायमधला लोकेटर सरकला व्हता," ते म्हणाले. डाय म्हणजे प्रेसमधला ठसा आणि लोकेटर म्हणजे त्यात पत्रा जागेवर धरणारी खुंटी. "साडेसातला माझ्या ध्यानात आलं, मी बसवला. पहिल्या तीन-चार पेट्यांतच असंल हे. बाकी माल चांगला हाय."

"मग त्या तीन-चार पेट्या बाजूला काढू या."

"कोणत्या त्या कसं कळणार आता? सगळ्या एकात एक झाल्यात." त्यांनी गेटकडं पाहिलं. "मॅडम, तिकडून चार फोन आलेत. त्यांची गाड्या जोडायची लाईन थांबली तर उद्या माझी खैर नाय. करा सही. त्यांच्याकडं बसंल ते बसंल, नाय बसंल ते फेकतील. एवढ्या तेवढ्याला कोण इचारतंय."

मी सही केली. कुणी माझा हात धरला नव्हता. ते मोठ्यानंही बोलले नव्हते. मला उशीर नको होता, वाद नको होता आणि माणूस चांगला होता. सगळ्या पेट्यांवर हिरव्या चिठ्ठ्या लागल्या.

आपानं पेट्यांना पट्टी मारायला घेतली. तिचं टेबल माझ्या टेबलासमोरच, दहा पावलांवर. पहिली पेटी ओढताना तिनं विचारलं, "हो गया सब चेक?"

"हो," मी म्हणाले.

गाडी दोन वाजून गेल्यावर निघाली.

त्या रात्री मला झोप लागली नाही असं काही झालं नाही. मी नीट झोपले. घरीही रात्रीच्या जेवणाला प्रार्थना पप्पांनी केली, मी आमेन म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळीही काही जाणवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत मात्र डबा उघडून डोळे मिटले आणि पुढं काही सुचेना. रोजची वाक्यं पाठ असतात, ती आपोआप येतात. त्या दिवशी पहिलं वाक्यही आलं नाही. डोळे मिटलेलेच ठेवले, कारण उघडले असते तर प्रार्थना झाली असा त्याचा अर्थ झाला असता. टेबलावर कुणीतरी चमचा वाजवला. मग आणखी एकदा. शेवटी मी डोळे उघडले.

"आज बहुत टाइम लगाई," आपा म्हणाली.

बाकीच्या बायका जेवायला लागल्या. मी आवाज खाली करून म्हणाले, "आपा, कालचा माल मी नीट तपासला नव्हता. दोन नग बसत नव्हते."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "मेरेकू मालूम था."

"कसं?"

"दो पीस तू अलग रखी थी टेबल पे. मैं देखी."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोली ना, हो गया करके." ती माझ्याकडं बघत नव्हती, डब्यात बघत होती. "दूसरी कोई बोलती तो मैं पूछती. तू बोली तो फिर मैं क्या बोलू?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिनं जे होतं ते सांगितलं. मी डब्याचं झाकण लावलं आणि उठले.

मॅनेजर सकाळी परतले होते. त्यांच्या केबिनकडं जायची वाट प्रेसच्या बाजूनं जाते. सुपरवायझर मशीनपाशी उभे होते, कापडानं हात पुसत. मला बघून ते हसले. "जेवण झालं का मॅडम?"

"हो, झालं," मी म्हणाले आणि पुढं गेले.

तिथं थांबून त्यांना सांगणं दोन मिनिटांचं काम होतं. मी थांबले नाही, कारण त्यांनी मला समजावलं असतं आणि मी पुन्हा ऐकलं असतं, अशी मला भीती वाटली. तेव्हा मला ही भीती योग्यच वाटली होती.

मॅनेजर कमी बोलणारे गृहस्थ. मी सांगितलं, की लॉटमधले दोन नग गेजवर बसत नव्हते आणि तरी मी हिरवी चिठ्ठी लावली. त्यांनी विचारलं, "कुणी सांगितलं?"

"सही माझी आहे," मी म्हणाले.

"ते मला दिसतंय. कुणी सांगितलं ते विचारतोय."

मला वाटलं, आपण नाव घेतलं नाही, म्हणजे त्यांना वाचवलं. मॅनेजरांनी समोरचा कालच्या गाडीच्या मालाचा कागद माझ्याकडं फिरवला. त्यावर माल पाठवणाऱ्याच्या जागी सुपरवायझरांची सही होती. त्यांनी फोन उचलला आणि वाळूजला लावला.

माल अजून त्यांच्या स्टोअरमध्येच होता, लाईनवर जुन्या साठ्यातले नग चालू होते. ठरलं असं की आमची माणसं तिथं जाऊन सगळ्या पेट्या फोडतील आणि एकेक नग गेजवर बसवून वाईट माल वेगळा करतील. माणसं म्हणजे सुपरवायझर, मी आणि दोन ऑपरेटर. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या गाडीनं आम्ही निघालो. सुपरवायझर ड्रायव्हरशेजारी बसले. चितेगावपासून वाळूजपर्यंत ते ड्रायव्हरशी ऊन किती वाढलंय आणि रस्त्याचं काम कधी संपणार, यावर बोलत होते. माझ्याशी एक शब्द नाही.

स्टोअरबाहेर पत्र्याची शेड होती. तिच्याखाली आम्हाला दोन टेबलं दिली. दोन ऑपरेटर पेट्या फोडून द्यायचे, एका गेजवर ते, एकावर मी. पत्रा इतका तापला होता की अकरानंतर ब्रॅकेट हाताला गरम लागायचे. उचल, बसव, काढ, खोक्यात टाक. बसला नाही तर लाल खोक्यात. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं तीन हातांच्या अंतरावर हेच करत होतो आणि फक्त नगांचा आवाज होत होता.

दुपारी आम्ही तिथल्याच जमिनीवर कागद अंथरून जेवायला बसलो. मी डबा उघडला. समोर सुपरवायझर होते. डोळे मिटावेत की नाही, हे मला खरोखर कळत नव्हतं. मिटले तर त्यांना ते ढोंग वाटेल. नाही मिटले तर त्यांना वाटेल, आता लाज वाटायला लागली. शेवटी मी मिटले. उघडले तेव्हा त्यांचं अर्धं जेवण झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला शेवटची पेटी संपली. लाल खोक्यात साठ-पासष्ट नग होते. ते सगळे चारच पेट्यांतून निघाले होते. बाकी माल चांगला होता.

सुपरवायझरांनी लाल खोकं पायानं जरा सरकवलं. दोन दिवसांत ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले. "मी म्हटलं व्हतं ना, पहिल्या चार पेट्यांत?"

"हो सर."

"बास. एवढंच," ते म्हणाले आणि गाडीकडं गेले.

ते बरोबर होते, हे मी इथं लिहून ठेवायला हवं. त्या साठ-पासष्ट नगांमुळं कुणाचा जीव गेला नसता. लाईनवरच्या एखाद्या माणसानं ते बसत नाहीत म्हणून बाजूला टाकले असते आणि दोन शिव्या दिल्या असत्या. मी सांगितलं म्हणून मोठं संकट टळलं, असं काही झालं नाही.

पप्पांना मी केबिनमध्ये जाऊन आले त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. मला वाटलं होतं, ते म्हणतील, तुला आधीच सांगितलं होतं. तसं ते म्हणाले नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या माणसाला आधी सांगितलंस का, की मी साहेबांकडं चाललेय?"

"नाही."

"का?"

"ते थांबवतील असं वाटलं."

पप्पांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "मी तीस वर्षं नोकरी केली. गंध लावून घेतलं, पुसलं. तुला ते आवडलं नाही, मला माहीत आहे. पण कुणाच्या पाठीमागं साहेबाकडं गेलो नाही. काही असलं तर आधी त्याच्या टेबलापाशी जायचो. एवढं तरी आम्ही पाळायचो."

मी म्हणाले, "पण मी त्यांचं नाव घेतलं नाही."

"नाव कशाला घ्यायला पाहिजे?" ते म्हणाले. "कागदावर होतंच ना."

आठवडाभरानं दोघांनाही लेखी ताकीद मिळाली. मला तपासणीवरून काढून सहा महिने भंगाराच्या स्टोअरला बसवलं. तिथं पत्र्याचे तुकडे वजन करून पाठवायचे असतात, काम हलकं आहे. सुपरवायझर त्या वर्षी शिफ्ट इन्चार्ज होणार, असं सगळे धरून चालले होते. मे महिन्यात बढतीची यादी लागली, तिच्यात त्यांचं नाव नव्हतं. का नव्हतं, ते कुणी बोललं नाही. बोलायची गरजही नव्हती.

पप्पांनी पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या देवळातल्या पाद्रींना, गोष्ट सांगितली. एका रविवारी उपासनेआधी पाळकसाहेब माझ्याकडं आले, आमच्यात नमस्काराऐवजी करतात तो सलाम केला आणि म्हणाले, "आज साक्ष दे. मंडळीला बळ मिळेल. आजच्या काळात नोकरी धोक्यात घालून कोण खरं बोलतं?" साक्ष म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं, ते सगळ्यांसमोर सांगायचं. मी नको म्हणाले. ते म्हणाले, "नम्रता चांगली, पण दिवा टोपलीखाली ठेवू नये." त्यांना नाही म्हणणं मला जमत नाही. मी उभी राहिले.

मी झालं तसं सांगितलं. सही केली, आपाला खोटं बोलले, मग कबूल केलं. इथपर्यंत मंडळी मान डोलवत होती. मग मी पुढचंही सांगितलं. केबिनकडं जाताना ज्या माणसानं जेवण झालं का विचारलं, त्यालाही मी खोटंच बोलले. त्याला न सांगता पुढं गेले आणि आता त्याची बढती गेली आहे. वाईट नग साठ-पासष्टच निघाले. एवढं सांगून मी बसले. मान डोलवणं थांबलं होतं. साक्षीचा शेवट असा नसतो. पाळकसाहेबांनी उठून प्रार्थना केली आणि सत्याच्या विजयाबद्दल देवाचे आभार मानले.

बाहेर चपला घालताना एका म्हाताऱ्या बाईनं माझा दंड धरला. त्या आमच्या मंडळीत सगळ्यात जुन्या, पूर्वी दवाखान्यात दाईचं काम करायच्या. कानानं कमी ऐकू यायचं म्हणून मोठ्यानं बोलायच्या.

"त्या माणसाची माफी मागितलीस का गं?"

"नाही."

"मग इथं काय सांगत बसलीस? आम्हाला सांगून काय करायचं? आम्ही काय बढती देणार आहोत त्याला?"

आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. मी हसले नाही. त्याही हसल्या नव्हत्या.

सोमवारी चहाच्या सुट्टीत मी प्रेसवर गेले. सुपरवायझर मशीनच्या बाजूला लोखंडी स्टुलावर बसून चहा पीत होते. मी समोर उभी राहिले.

"सर, साहेबांकडं जायच्या आधी मी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं."

ते वर बघत म्हणाले, "मी काय केलं असतं?"

"मला थांबवलं असतं."

"व्हय. थांबवलं असतं."

"तरीही सांगायला पाहिजे होतं. माझं चुकलं. मी माफी मागायला आले."

त्यांनी चहा संपवला, कागदी कप चुरगळला आणि हातातच ठेवला. "मॅडम, तुम्ही तुमची चूक साहेबाला सांगितली, त्याचा मला राग नाय. दोन दिवस आला व्हता, मंग गेला. सही तुमची व्हती, तुमचा जीव खात असंल. मला बी कळतंय तेवढं. पण त्या दिवशी तुमचा डबा भरलेला व्हता. आपानं सांगितलं मला नंतर. मी इचारलं जेवण झालं का, तुम्ही म्हणालात झालं. ते मला लई लागलं. मी दुश्मन व्हतो का तुमचा?"

"नाही सर."

"मंग?"

घाबरले होते, एवढं मी म्हणाले. ते म्हणाले, "असू द्या." माफ केलं असं ते म्हणाले नाहीत आणि मीही पुन्हा विचारलं नाही. भोंगा झाला, ते उठून मशीनकडं गेले.

त्यानंतर आमचं बोलणं सुरू झालं, पण कामापुरतं. त्या वर्षीच्या दसऱ्याला मी तोरणं ओवली. वेगळा पेढा आला नाही. सगळ्यांना वाटलेल्या ताटातला पेढा ऑपरेटरनं माझ्यापुढं धरला, मी हात जोडून नको म्हणाले, आणि तो पुढं गेला.

ते सहा महिने संपल्यावर मला तपासणीवर परत घेतलं. पहिल्याच आठवड्यात एका लॉटमधला एक नग बसला नाही. मी लाल चिठ्ठी हातात घेतली, पण लावली नाही. आधी प्रेसवर गेले आणि म्हणाले, "सर, हा बसत नाही. मी लॉट अडवतेय. तुम्हाला आधी सांगायला आले." त्यांनी नग हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाले, "अडवा." मग डाय उघडायला माणूस पाठवला. तेव्हापासून मी असंच करते. माणूस कुणीही असो, आधी त्याच्यापाशी जाते. काही जण चिडतात. एकानं गेज माझ्यासमोर आपटलं होतं. पप्पांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "चिडू दे. तोंडावर चिडलेला बरा."

पुढच्या वर्षी सुपरवायझर शेंद्र्याच्या एका कंपनीत गेले. तिथं त्यांना शिफ्ट इन्चार्ज केलं. जाताना त्यांनी सगळ्यांना समोसे दिले, माझ्याशीही दोन शब्द बोलले, पप्पांची तब्येत विचारली. आपानं त्यांना दुवा दिली, बराच वेळ, आणि ते मान खाली घालून उभे राहिले.

दीड वर्षानंतर त्यांचा फोन आला. नंबर माझ्याकडं अजून होता. त्यांच्याकडं तपासणीला एक मुलगी हवी होती.

"कुणी असंल वळखीची तर सांगा," ते म्हणाले. "तुमच्यासारखी." मग म्हणाले, "पण तोंडावर बोलणारी."

ते हसत होते की नाही, फोनवर कळलं नाही. मी आमच्या मंडळीतल्या एका मुलीचं नाव सांगितलं. आयटीआय झालेली, कामाला चांगली. ती मुलाखतीला जायच्या आदल्या दिवशी घरी आली आणि विचारू लागली, "ताई, ख्रिश्चन आहे ते सांगू का लपवू?"

पप्पा आतल्या खोलीतून बाहेर आले. मला वाटलं, ते आता त्यांचं जुनं सांगतील. ते म्हणाले, "विचारलं तर सांग. नाही विचारलं तर मुद्दाम सांगायला जाऊ नकोस. पण एकदा कळलं ना, की मग लोक तुझ्याकडून जास्त अपेक्षा धरतात. तेवढी तयारी ठेव." मी तिला चहा दिला आणि शेंद्र्याची बस कुठून मिळते ते सांगितलं.

तिला नोकरी लागली. रविवारी देवळात भेट झाली की ती तिथल्या मशिनींबद्दल बोलते, कँटीनच्या जेवणाला नावं ठेवते, आमच्या जुन्या सुपरवायझरांना ती साहेब म्हणते; साहेब कडक आहेत पण बरे आहेत, असं सांगते. साहेब माझ्याबद्दल काही बोलले का, हे मी तिला विचारत नाही. तिनंही आपणहून कधी काही सांगितलेलं नाही.